आबांसाठी गालिचा

शिनोलीत नवं घर बांधलं तेव्हा हॉलला चकचकीत फरशी बसवायचा हट्ट माझ्या नवऱ्याचा. त्याच फरशीवर माझे सासरे, आमचे आबा, दिवाळीच्या सुमारास घसरून पडले. हाड शाबूत राहिलं, पण धीर खचला. तेव्हापासून त्यांनी आपली खोली धरली ती सोडलीच नाही. चहा तिथे, जेवण तिथे, आंघोळीला हात धरून न्यायचं. नवरा चाकणला कंपनीत, म्हणजे हात धरणारी मी. घोडेगावचे डॉक्टर म्हणाले, "चालले नाहीत तर पाय जातील. हॉलमध्ये काहीतरी अंथरा, म्हणजे भीती जाईल."

काहीतरी अंथरा म्हणायला काय जातं! पुण्यात शिकणारी माझी मुलगी मोबाइलवर गालिच्यांचे फोटो पाठवू लागली आणि माझं डोकं उठलं. इराणी नक्षीचा, केसाळ, तागाचा, गोल. भांडी घासता घासता ओल्या हाताने मी ते बघायचे. "मम्मी, सोफ्याला मॅच झाला पाहिजे." सोफ्याला! इथे माणसाला मॅच होणारा सापडेना. केसाळ गालिच्यात आबांचा पाय रुतणार, झालरीत अंगठा गुंतणार, ताग तळव्यांना टोचणार.

शेवटी एका दुपारी आबांजवळ शेजारणीला बसवून मंचरला गेले. दुकानदाराने गालिच्यांचा ढीग उलगडला. एक मला फार आवडला. मरून रंग, मधोमध मोठं काळपट फूल. पण आबांची नजर अधू. गडद काही जमिनीवर दिसलं की त्यांना खड्डा वाटतो. न्हाणीपुढचं काळं पायपुसणंसुद्धा ते ओलांडून जातात. फूल तिथेच राहिलं. मी राखी, बिननक्षीचा, आखूड लवीचा काढायला लावला.

"ताई, असा कोरा कोण घेतं? घराला शोभा नाय येणार," दुकानदार म्हणाला.

"शोभा नको, भाऊ. पाय पडला पाहिजे."

घरी आणून सोफा भिंतीला सरकवला, गालिचा अंथरला आणि आबांना म्हटलं, "चला, बघा तरी."

"काय बघायचं त्यात? असू दे," आबा म्हणाले आणि कूस बदलली.

मग रोज हेच. त्या गालिच्यावरून चालणारी मी एकटी. मला राग यायचा, आबांचा, गालिच्याचा, त्याच्यापायी वाया गेलेल्या दुपारचा. नंतर रागवायचंही त्राण राहिलं नाही.

एका सकाळी दार उघडं टाकून मी गालिच्यावरच मेथी निवडत बसले होते. रस्त्याने आबांचे एक जुने सोबती चालले होते. पूर्वी रोज संध्याकाळी गप्पांना येणारे हे काका, आबा पडल्यापासून फिरकले नव्हते. त्यांनी आत पाहिलं आणि थबकले. चपला बाहेर काढून, मान खाली घालून आत आले आणि गालिच्याच्या कडेला मांडी घालून बसले. मला काही कळेना.

"कवा झालं, पोरी?" ते हळूच म्हणाले. "आमाला कळवलं बी न्हाई."

आमच्याकडे घरात कोणी गेलं की हॉलमधलं सामान भिंतीला सरकवतात आणि भेटायला येणाऱ्यांसाठी सतरंजी अंथरून ठेवतात. कोरा गालिचा, सरकवलेला सोफा आणि जमिनीवर बसलेली मी, ओढलेल्या चेहऱ्याची. त्यांचं तरी काय चुकलं?

"अहो काका, नाही हो..." मी म्हणेपर्यंत आतला पलंग करकरला.

आबा दारात आले, चौकट धरून. मी उठू लागले तर हातानेच 'बस' म्हणाले. एक पाय गालिच्यावर ठेवला, दाबून पाहिला. मग दुसरा. असं करत करत काकांच्या पुढ्यात येऊन उभे राहिले.

"मेल्याबिगर येनार न्हवतास व्हय रं?" आबा म्हणाले.

काका लगबगीने उठले, आबांचा हात धरला आणि त्यांना सोफ्यापर्यंत नेलं. बसल्यावरही दोघांनी हात सोडला नाही.

मी चहा ठेवायला आत गेले आणि ओट्याला टेकून रडले. ज्याच्याकडे चालत जावं असं आबांना कोणी उरलंच नव्हतं, आणि मी आपली गालिच्याचे रंग बघत बसले होते.