गुणवंतांचा फ्रीज

इदेलिसाने आमच्या कामाग्वेच्या बूट कारखान्यात बावीस वर्षं बुटांचे तळ शिवले आणि एकही खाडा केला नाही. ऊसतोडीच्या स्वयंसेवेलाही जायची; न जाणाऱ्याचं नाव फळ्यावर लागायचं, अशी ती स्वयंसेवा. नवरा नाही, मूल नाही. घरी मधुमेहाने खंगलेली आई आणि तिचं इन्सुलिन. ते ओल्या फडक्यात गुंडाळून अंगणातल्या रांजणाशी ठेवायचं. उन्हाळ्यात दोनदा ते नासलं आणि दोन्ही वेळा म्हातारी मरता मरता वाचली.

त्र्याऐंशी साली कारखान्याला फ्रीज आला. माणसं चारशे, फ्रीज एक. असली वस्तू आमच्याकडे दुकानात मिळत नसे, ती सभेत कमवावी लागे. ज्याला हवी त्याने उभं राहून स्वतःचे गुण गायचे, इतरांनी त्याचे दोष उकरायचे, मग हात वर. हा तमाशा मी जन्मभर पाहिला, वर टाळ्याही पिटल्या.

इदेलिसाने आईचं दुखणं सांगितलं. मग पार्टीचा सेक्रेटरी ओरेस्तेस उठला. फ्रीज त्यालाही हवा होता. त्याच्या बोटाला कधी गोंद लागलेला कुणी पाहिला नव्हता.

"कॉम्रेड इदेलिसा, मायामीला पळालेल्या भावाचं पत्र आलं होतं ना?"

"आलं होतं."

"उत्तर दिलंस?"

नाही म्हणाली असती तर सुटली असती. पण बाई सरळ. "दिलं. सख्खा भाऊ आहे. आईचं कळवायला नको?"

"ऐकलंत? शत्रूला घरची खबर!"

ओरेस्तेसच्या बाजूने हात वर गेले. माझाही गेला. लाज वाटते सांगायला, पण गेला. एकच हात खाली राहिला.

"मला एकमताने असं लिहायचंय," अध्यक्ष म्हणाला आणि पेन उघडून बसला. सगळे तिच्याकडे बघत राहिले. शेवटी इदेलिसाने हात वर केला.

दुसऱ्या दिवशी ती इन्सुलिनची बाटली घेऊन ओरेस्तेसच्या दारात गेली. "ठेव की गं, आपण काय परके?" म्हणत त्याने बिअरच्या मागे जागा करून दिली. रोज पहाटे आईच्या इंजेक्शनसाठी ती दार वाजवायची आणि झोपमोड झाली म्हणून त्याच्या बायकोची बोलणी खायची.

पुढच्या वर्षी टीव्ही आला. ओरेस्तेस पुन्हा उभा. पहिलाच गुण त्याने सांगितला, की एका आजारी म्हातारीचं औषध आपण वर्षभर घरात सांभाळलं.

"खरं ना, कॉम्रेड इदेलिसा?"

"खरं."

उद्याचं इन्सुलिन त्याच्याच घरात होतं. मतदान पुकारायच्या आतच तिने हात वर केला.