मुंडावळ्यांतला उपरा मणी

मुहूर्त जवळ आला आणि मालूमावशीला आपण ओवलेल्या मुंडावळ्यांत मोत्यांमधे काचेचा एक मणी दिसला. घरातल्या प्रत्येक नवरीच्या मुंडावळ्या तीच ओवते. ती सगळा सर सोडवायला बसली.

"राहू दे गं मावशी," नवरी म्हणाली. आमची मुग्धा प्रयोगशाळेत पेशींवर काम करते. "पेशीसुद्धा अमिनो आम्लं ओवूनच प्रथिनं करतात. कधी ल्यूसिनच्या जागी तसंच दिसणारं नॉरव्हॅलिन चुकून बसतं. बहुतेकदा काही बिघडत नाही."

"तुझ्या पेशींना व्याही नावं ठेवत नाहीत."

बाहेर नवरदेवाचे काका आपल्या निर्भेळ कुळाची महती सांगत होते. मला वाटलं, यांच्याही अंगात या क्षणी असे किती उपरे मणी गुपचूप ओवले जात असतील, आणि काका तर ठणठणीत आहेत.

मावशीने थोडा वेळ त्यांचं ऐकलं आणि मुंडावळ्या तशाच बांधल्या.