ताटलीतलं करकंब

सांगतो, पण आमच्या काकूसमोर शेंगदाण्यांचा विषय काढू नका. मला अजून तिच्याकडे वर मान करून बघवत नाही.

परदेशात सहा वर्षं अर्थशास्त्र शिकून मी परतलो तो देश बदलायचाच, या निर्धाराने. उतरलो शहरात, सात रस्त्याजवळ, काकांच्या घरी. वर्ष झालं, देश काही भेटायला आला नाही. आले ते माझ्या चुलत बहिणीला, सारिकाला, बघायला करकंब गावचे पाहुणे.

सारिकाला मुलगा आधीच पसंत होता. धनंजय. ऊस करतो, कमी बोलतो. सकाळीच तिने मला हात जोडले होते, "दादा, आज कुणाला काही शिकवू नकोस."

शिकवू नकोस? मला?

मुलाचे वडील, अण्णा, सहज म्हणाले, "समदी पोरं शहराकडं पळत्यात. गावं रिकामी व्हायला लागली की."

झालं! माझ्या अंगात प्रबंध संचारला.

"अण्णा, जगभर हेच चाललंय!" मी रिकामी ताटली ओढली, वाटीतले खारे शेंगदाणे मुठीत घेतले. "एक दाणा म्हणजे एक देश. उजवीकडे जावं तसे शहरात राहणारे लोक जास्त. वर जावं तसं उत्पन्न जास्त. बघा, खेड्यांचे देश खाली डावीकडे, शहरांचे वर उजवीकडे!"

काकू डोळे मोठे करून बघत होती. मला वाटलं, तिला पटतंय.

"आन् आमचं करकंब कुटं?" अण्णांनी विचारलं.

मी एक दाणा घेतला आणि अगदी खाली, डाव्या कडेला ठेवला. ठेवला हो, ह्याच हाताने!

अण्णांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "मंजी पोरगा गावात ऱ्हातो म्हणून नको, असंच की? तोंडानं सांगायचं. शेंगदाणं कशाला मांडायचं?"

"नाही, नाही! हे फक्त सरासरीचं..."

"ऊठ रं धनंजय."

धनंजय उठला. आणि चहाचा ट्रे घेऊन सारिका दारात उभी!

तिने ताटली पाहिली, मग मला पाहिलं. ती नजर आठवली की अजून माझे कान तापतात. ट्रे ठेवून तिने वर उजवीकडचा एक दाणा उचलला आणि करकंबच्या शेजारी ठेवला.

"मी इथं राहणार."

अण्णा गडगडाटी हसले. "बस रं धनंजय! जमलं की!"

माझा जीव भांड्यात पडला. पण अण्णा ताटली सोडेनात.

"आन् पाव्हणं, तुमी कुटं? शहरात किती वर्सं काढली?"

"सगळीच. आधी इथं, मग परदेशात."

"मंजी पार उजवीकडं. आन् कमाई?"

मी काकांकडे पाहिलं. वर्षभर त्यांच्याच माडीवर, त्यांच्याच घरचं जेवून मी देश बदलत होतो.

"अजून... काही नाही."

अण्णांनी एक दाणा ताटलीच्या उजव्या कडेला, पार तळाशी ठेवला. एकटाच. जरा निरखला. मग उचलून तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"खवट हाय की वो!"