टाकीवरून पाठवलेला पुरावा

फुलंब्रीजवळच्या एका ग्रामपंचायतीतील इंटरनेट बंद असल्याची तक्रार मी वारंवार केली. दरवेळी वरच्या कार्यालयाकडून ‘सेवा सुरळीत’ असे उत्तर येई. सोबत दिवा लागलेल्या इंटरनेटच्या यंत्राचे छायाचित्र. अखेर संतापून मी स्वतः तिथे गेलो.

वयस्कर शिपायाने यंत्र उपरण्याने हळुवार पुसले, बटण दाबले. दिवा लागला, इंटरनेट नव्हतेच. त्याने फोटो काढला आणि तो वरच्या कार्यालयाला पाठवण्यापुरती मोबाइलची रेंज मिळावी म्हणून पाण्याच्या टाकीवर चढला.

उतरल्यावर धापा टाकत म्हणाला, “साहेब, तक्रार लई कडक करा. फक्त टाकीचं लिहू नका. पुढच्या साली रिटायर व्हायचंय मला.”

घरी येऊन मी कायद्याच्या कलमांसह पत्र लिहिले आणि टाकीचा परिच्छेद स्वतःच्या हाताने खोडला.

उत्तर आले: सेवा सुरळीत. छायाचित्रातले यंत्र लख्ख पुसलेले होते.