मधलीचा घसा बसला तेव्हा

तीन बहिणींतली ती मधली, म्हणून तिला सगळे मधलीच म्हणत. थोरलीचा राग धाकटीपर्यंत नेताना त्यात साखर घालायची आणि धाकटीचं उलट उत्तर वाटेतच गिळून टाकायचं, ही कला तिला लहानपणीच साधली होती. पुढे कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली, तर तिथंही तिचं टेबल दोघांच्या मधोमध आलं. एका अंगाला काका, मेणात दात बसवण्यात उभी हयात गेलेले. दुसऱ्या अंगाला नुकतीच लागलेली, कॉम्प्युटरवर कवळीचा आराखडा करणारी मुलगी. मधलीचं काम दातांचा रंग जुळवायचं. पण निम्मा दिवस निरोप पोचवण्यातच जाई.

"मधले, सांग त्या पोरीला, कवळी करायचीय, भिंत नव्हे! किती जाड ती!"

मधली वळून म्हणे, "काका म्हणतात, मजबूत झालीय हं."

"ताई, त्यांना म्हणावं, घासू नका. माझं माप बिघडतं."

मधली इकडे सांगे, "काका, ती म्हणते, तुमच्या हाताचं कामच वेगळं."

दोघंही खूश. मालक तर कौतुकानं म्हणत, "ही आहे म्हणून भांड्याला भांडं लागत नाही."

मग एका निवृत्त मास्तरांची कवळी परत आली. 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची. दुरुस्त करून पाठवली, तर 'स'चा 'श' झाला. पुन्हा दुरुस्त केली, पुन्हा शिट्टी. नातवंडं हसून लोळत होती, आणि मास्तरांनी बोलणंच टाकलं होतं. मालकांचा पारा चढला.

नेमका तेव्हाच मधलीचा घसा बसला. डॉक्टरांनी बजावलं, आठवडाभर कुजबुजायचंसुद्धा नाही.

"मधले, विचार तिला, ही पुन्हा जाड कुणी केली?" काका म्हणाले.

मधलीनं गळ्याकडे बोट दाखवलं. शेवटी काका खुर्ची फिरवून थेट मुलीलाच म्हणाले, "काय गं, जाड कुणी केली?"

"मीच. तुम्ही घासून खाच पाडलीत म्हणून. घासू नका, असा मी कितीदा निरोप दिला!"

"मला तर निरोप आला, माझ्या हाताचं कामच वेगळं!"

"आणि मला आला, मजबूत झालीय!"

दोघांच्या माना एकदम मधलीकडे वळल्या. एरवी तिनं काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती. आज ती सोय नव्हती. तिनं दोन्ही कान पकडले.

पुढचा अर्धा तास नुसती खडाजंगी. मालक दारापर्यंत आले आणि आल्या पावली परत फिरले. मधली जीव मुठीत धरून बसली होती. पण भांडता भांडता काकांनी खुर्ची मुलीच्या टेबलापाशी ओढली, आणि मुलीनं पडद्यावर कवळी आडवी कापून दाखवली.

"थांब, थांब. हवा इथून निसटते."

"मग फक्त इथंच भरू. बाकीचं तुम्ही म्हणता तसं पातळ."

मास्तरांना बोलावणं गेलं. ते खुर्चीत बसून 'सशाचं शेपूट' म्हणत राहिले. काका कान देऊन ऐकत, चिमूटभर मेण लावत, काढत. मुलगी तेवढंच पडद्यावर बदलत गेली. ऊन कलायच्या आत मास्तर स्वच्छ म्हणाले, "सशाचं शेपूट!" आणि स्वतःच इतके हसले की कवळी हातानं सावरावी लागली.

आवाज परत आल्यावर काका सवयीनं म्हणाले, "मधले, त्या पोरीला सांग..."

"काका, ती समोरच बसलीय," मधली म्हणाली.

आता त्या दोघांची टेबलं एकमेकांना लागून आहेत. रोज वाजतं आणि रोज मिटतं. मधली खिडकीशी बसते. तिथं उजेड चांगला पडतो, आणि रंग बघायला आता दिवसही अख्खा मिळतो.