दामूच्या मोटारीची गुरगुर

दामू गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजुऱ्यात एका सत्काराचं तिसरं भाषण ऐकत होतो. "भाऊ, हे झोपेतच गेले," वहिनी म्हणाल्या... आणि मंचावरच्या माणसाची थोरवी अजून निम्मीच सांगून झाली होती. सावली तालुक्यातल्या त्याच्या गावी पोचलो तर चौकात फलक लागलेला : 'पर्यावरणप्रेमी दामोदर गुरुजी'. आम्ही एकाच शाळेत शिकवत म्हातारे झालो. गुडघे गेले म्हणून त्यानं बॅटरीवरची सायकल घेतली होती. त्यात पर्यावरणाचा काही संबंध नव्हता.

त्याचं शेत जंगलपट्टीच्या पलीकडे. त्या रस्त्यानं आमच्याकडे कोणी गुमान जात नाही. खोकत, मोठ्यानं बोलत जातात, म्हणजे वाघाला आपण येतोय ते आधीच कळतं. दामूच्या सायकलीला खोकायची गरज नव्हती. मागच्या चाकातली मोटार पहिल्या दिवसापासून गुरगुरायची. "काऊन गा, दळण दळून राह्यला का?" मी विचारायचो. "हास, हास. बंदच करतो याले," तो म्हणायचा. त्यानं चाक खोललं, बेअरिंग बदललं, नट आवळले. गुरगुर कायम. मग त्याच्या लक्षात आलं की उतारावर वेगाची मूठ सोडली, चाक नुसतं फिरू दिलं, की आवाज थांबतो. म्हणजे दोष चाकात नव्हता, मोटारीला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरमध्ये होता. तो मोबाइलवर त्याच्या सेटिंगा उघडून बसला. करंट कमी केला तर आवाज दबला, पण सायकल चढावर थांबली. करंट परत वाढवला. शेवटी वीज झटक्याझटक्यानं न देता संथ लाटेसारखी देणारी सेटिंग सापडली, आणि मोटार चक्क गप्प झाली.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी, तो शेतावरून यायची वाट पाहत होतो. वहिनी दारात जंगलाकडे कान देऊन उभ्या. अंधार पडायला लागला तशा त्या शेजाऱ्यांना हाक मारायला निघाल्या, तर सायकल अंगणात येऊन उभी!

"पाह्यलं? आवाजच नाई," दामू म्हणाला. "हेच तर पाह्यजे होतं."

"कोनाले पाह्यजे होतं?" वहिनी कडाडल्या. "वळनावर आवाज आला का मले समजे, मानूस सुटला वाघाच्या हातून. आता मी काय आयकू?"

जेवणाआधीच दामूनं जुनी सेटिंग परत लावली. त्यानं माघार घेतलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

परवा गेलो तेव्हा सायकल मुलाकडे होती. शेत आता तोच पाहतो. वहिनी थकल्यासारख्या म्हणाल्या, "भाऊ, तुमाले येते ना ते मोबाइलवरचं? बंद करून द्या तो आवाज. वळनावर आला का ह्यायच्या नावानं चाय ठेवल्या जाते माह्याकडून. मंग फेकाव लागते."

मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे. मुलगा आला की करतो.

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं... मग म्हणाल्या, "नोको. राहू द्या. पोरगा बी त्याच रस्त्यानं येते."

एवढ्यात वळणावर गुरगुर ऐकू आली. वहिनींनी डोळे मिटून ती जवळ येऊ दिली. मग उठल्या, चुलीवर पातेलं ठेवलं आणि त्यात पाणी ओतलं. किती कपांचं, ते मी पाहिलं नाही.