सड्यावर जाताना खाऊन जावं

रक्तात साखर निघाली तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. बँकेतली खुर्ची आणि घरातला सोफा यांच्यामध्ये माझं सगळं चालणं संपायचं. डॉक्टरांनी गोळी दिली, पथ्य सांगितलं आणि व्यायाम करा म्हणाले. नुसतं चालायचा मला कंटाळा, म्हणून सायकल घेतली. तीही जाड टायरांची, डोंगरात चालवायची. बायकोला वाटलं, महिनाभराचं खूळ असेल.

तिचा धाकटा भाऊ बोटीवर इंजिनाच्या कामाला असतो. सुट्टीवर आला की तो रत्नागिरीतच, आमच्या शेजारच्या आळीत राहतो आणि सायकल घेऊन सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची कातळाची पठारं, पालथी घालतो. माझी नवी सायकल बघायला आला, तेव्हा त्याने रंग पाहिला नाही की गिअर मोजले नाहीत. वाकून टायर अंगठ्याने दाबला.

"भावोजी, हवा कोणी भरली?"

"पंपावर. गच्च भरून घेतली."

"म्हणून मनगटं दुखत असतील तुमची. कातळावर टायर थोडा दबायला हवा, नाहीतर प्रत्येक दगडावर उडतो." त्याने बरीच हवा सोडली, पण अगदी मऊ नाही केला. फार मऊ झाला की दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटते म्हणाला. मग सीट वर घेतली. पाय जमिनीला टेकावेत म्हणून मी ती खाली ठेवली होती, आणि गुडघे का दुखतात ते मला कळत नव्हतं.

"हातमोजे?"

"या उकाड्यात?"

"पडताना माणूस आधी तळवे टेकतो, भावोजी."

हेल्मेट होतंच. हातमोजे त्याच संध्याकाळी घेतले.

थंडीतल्या एका रविवारी आम्ही नेवरे गावाच्या वरच्या सड्यावर जायचं ठरवलं. निघताना बायको म्हणाली, "काहीतरी खाऊन जा." पोट जड झालं तर चढ चढवत नाही, असं मी कुठेसं ऐकलं होतं. "आल्यावर खातो," म्हटलं. बिनसाखरेचा चहा घेतला, सवयीने गोळीही घेतली आणि निघालो.

चढ छान चढलो. वर पोचलो तेव्हा गवत सोनेरी झालं होतं, मधून काळा कातळ, आणि दूर समुद्राची निळी पट्टी. मेहुणा पुढे होता. थोड्या वेळाने मला घाम फुटला. वारा गार होता, तरी पाठ भिजली. हँडलवरचे हात थरथरायला लागले. दमलो असेन, असं वाटलं. नंतर तेही वाटेनासं झालं. पायवाट डावीकडे वळत होती आणि मी सरळच निघालो होतो. सरळ पुढे जुनी चिरेखाण होती, जांभ्याचे चिरे काढून खोल झालेली.

"भावोजी, डावीकडे!"

हाक कानावर आली, पण ती माझ्यासाठी आहे हे लक्षात येईना. मग कोणीतरी आडवं आलं आणि माझं हँडल धरलं. मेहुणाच होता. त्याची सायकल मागे आडवी पडली होती. खाणीची कड दिसत होती, फार लांब नव्हती.

त्याने मला खाली बसवलं. माझ्या कपाळाला हात लावून विचारलं, "सकाळी काय खाल्लंत?"

"चहा."

"आणि गोळी?"

मी मान हलवली. त्याने पिशवीतून ग्लुकोजची पुडी काढली, पाण्याच्या बाटलीत ओतली आणि माझ्यापुढे धरली.

"मला गोड चालत नाही," मी म्हटलं.

"आत्ता चालतं. साखर उतरलीय तुमची. प्या."

प्यायलो. तो शेजारी बसून राहिला. हळूहळू हातांची थरथर थांबली आणि समुद्र पुन्हा जागेवर आला. मग त्याने केळं दिलं, आणि स्वतःच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. आम्ही सायकली हातात धरून, चालत सडा उतरलो. खाणीकडे मी मागे वळून पाहिलं नाही. भीती तेव्हा वाटली नव्हती, ती घरी आल्यावर वाटली.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. माझी साखर वाढू नये म्हणून तिने घरातलं गोड केव्हाच बंद केलं होतं. ती एवढंच म्हणाली, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी पण येते."

डॉक्टरांनी सायकलीच्या दिवसाचा डोस बदलून दिला. प्रत्येकाचं औषध वेगळं, तेव्हा हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरलाच विचारावं. बाकीचं मात्र कोणालाही सांगण्यासारखं आहे. निघण्याआधी पोहे किंवा भाकरी खावी. भूक लागायची वाट न बघता मध्ये थांबून थोडं खावं. घाम जातो तेव्हा नुसतं पाणी पुरत नाही, त्यात चिमूटभर मीठ असावं. आणि सड्यावर एकट्याने जाऊ नये.

मेहुण्याची सुट्टी संपण्याआधी आम्ही जयगडपर्यंत जाऊन आलो. बंदराला एक मोठं जहाज लागलं होतं. त्याच्याकडे बघत तो सायकल धरून उभा राहिला. आता तो बोटीवरून फोन करतो. तिथेही एक सायकल आहे म्हणे, व्यायामाच्या खोलीत जमिनीला पक्की केलेली. तासभर पेडल मारलं तरी खिडकीत तेच पाणी दिसतं, म्हणून तिच्यावर बसायला त्याला आवडत नाही.